बाटलीवरचं बारीक नाव वाचा : फवारणीच्या औषधातलं ब्रोमीन येतं कुठून आणि पडतं कुणाच्या अंगावर

बीबी (ता. लोणार) : सोयाबीन फुलावर आलं आणि पऱ्हाटी कमरेला लागली की मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यातल्या कृषी केंद्रांपुढं सकाळपासूनच मोटारसायकली उभ्या राहतात. गिऱ्हाईक मागतं काय? 'अळीचं द्या', 'चक्रीभुंग्याचं द्या', 'मागच्या वेळी दिलं होतं तेच द्या'. काउंटरवर बाटली येते. तिच्यावर मोठ्या रंगीत अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. ते बारीक नाव वाचायची सवय फार थोड्या कास्तकारांना आहे. पण पैसे किती जातील आणि फवारणाऱ्याचं काय होईल, हे त्या बारीक नावावर ठरतं.

या बारीक नावांपैकी बऱ्याच औषधांत एक समान घटक असतो, तो म्हणजे ब्रोमीन. सोयाबीन आणि कपाशीवर सर्रास मारलं जाणारं प्रोफेनोफॉस घ्या, त्यात ब्रोमीन. अळीसाठी महागडं म्हणून ओळखलं जाणारं क्लोरँट्रानिलिप्रोल, म्हणजे ज्याला गावोगाव 'कोराजन' याच नावानं मागतात, त्यातही ब्रोमीन. डासांसाठी घराच्या भिंतींवर आणि गोदामातल्या पोत्यांवर मारतात त्या डेल्टामेथ्रिनमध्ये ब्रोमीनचे दोन अणू. उंदीर मारायच्या ब्रोमॅडिओलोनच्या तर नावातच ते दिसतं. एवढंच काय, खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये असणारी ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल ही औषधंही ब्रोमीनचीच. म्हणजे एकच मूलद्रव्य पिकावर, उंदरावर, डासावर आणि लेकराच्या खोकल्यावरही चालतं. मग ते विषारी समजायचं की नाही?

समुद्राच्या पाण्यातून शिवारापर्यंत

ब्रोमीन हे तांबूस-तपकिरी रंगाचं, पाण्यासारखं वाहणारं मूलद्रव्य. साध्या हवेत द्रवरूप राहणारं अधातू मूलद्रव्य हे एकच. त्याची वाफ नाकात गेली तर श्वास कोंडतो, कातडीवर पडलं तर खोल भाजतं. १८२६ मध्ये आंत्वान बालार या फ्रेंच तरुणानं मोंपेलिए गावाजवळच्या मिठागराच्या पाण्यातून ते वेगळं काढलं. वासावरूनच त्याला नाव पडलं. ग्रीक भाषेत ब्रोमोस म्हणजे दुर्गंधी.

आजही ते मिठाच्या पाण्यातूनच निघतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ६५ मिलिग्रॅम ब्रोमीन असतं. आपल्याकडं उन्हाळ्यात येतं तसं पाच हजार लिटरचं टँकर समुद्राच्या पाण्यानं भरलं, तर त्यात निघेल सव्वातीनशे ग्रॅम. म्हणून कारखाने साधं समुद्राचं पाणी वापरत नाहीत. मिठागरात मीठ जमून गेल्यावर जे कडवट, दाट पाणी उरतं ते वापरतात. त्यात क्लोरीन वायू सोडला की क्लोरीन ब्रोमीनला मिठातून ढकलून बाहेर काढतो, मग वाफेनं किंवा हवेच्या झोतानं ते उडवून वेगळं करतात. भारतात हे काम मुख्यतः गुजरातेत, कच्छच्या रणाच्या काठी आणि सौराष्ट्रातल्या मिठापूरला चालतं. जगातलं मोठं ठिकाण म्हणजे इस्रायल आणि जॉर्डनच्या मधला मृत समुद्र. तिथं एका लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास ब्रोमीन आहे, म्हणजे त्याच टँकरमध्ये पंचवीस किलो. त्या भागात लढाई पेटली की रसायनांच्या बाजारात ब्रोमीनच्या भावाची चर्चा होते ती यामुळं. (लोणारचं सरोवर खारं असलं तरी त्याचा खार मुख्यतः सोडा आणि साध्या मिठाचा. ब्रोमीनचा कारखाना चालेल असं ते पाणी नाही.)

हे ब्रोमीन औषधात कसं जातं? प्रोफेनोफॉसचंच उदाहरण घेऊ. क्लोरोफिनॉल नावाचा एक कच्चा माल असतो, कार्बनच्या सहा अणूंचं कडं. त्यात ब्रोमीन सोडलं की त्याचा एक अणू कड्याला ठरलेल्या जागी जाऊन चिकटतो आणि दुसरा हायड्रोजन घेऊन आम्ल बनून बाहेर पडतो. मग त्या कड्याला फॉस्फरस आणि गंधकाचं शेपूट जोडतात. झालं प्रोफेनोफॉस. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला 'सेंद्रिय संयुग' म्हणतात. इथं घोळ होऊ देऊ नये. पुस्तकातलं 'सेंद्रिय' म्हणजे कार्बन असलेलं, एवढंच. सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही. त्या अर्थानं डिझेलही सेंद्रिय आणि प्रोफेनोफॉसही सेंद्रिय.

ब्रोमीनचा आणखी एक मोठा उपयोग बाटलीवर कधीच दिसत नाही. माणसांची अनेक औषधं बनवताना दोन तुकडे जोडायचे असतात, तेव्हा आधी एका तुकड्याला ब्रोमीन लावतात. दुसरा तुकडा येऊन जुळला की ब्रोमीन निघून जातं. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं काम. लग्न लागलं की मध्यस्थ आपल्या घरी. या प्रकारच्या जोडणीची पद्धत शोधणाऱ्या तिघांना २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तयार गोळीत बहुधा ब्रोमीन राहत नाही, पण त्याच्याशिवाय ती गोळी बनली नसती.

एकच ब्रोमीन, दोन बाटल्या

आता शिवारात येऊ. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी आणि क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी, दोन्ही सोयाबीनच्या अळीवर आणि चक्रीभुंग्यावर चालतात. दोन्हींत ब्रोमीन. तरी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

प्रोफेनोफॉसची शिफारस दहा लिटर पाण्याला २० मिली. एकराला दोनशे लिटर पाणी धरलं तर ४०० मिली, म्हणजे शुद्ध औषध २०० ग्रॅम. क्लोरँट्रानिलिप्रोलची शिफारस दहा लिटरला ३ मिली. एकराला ६० मिली, म्हणजे शुद्ध औषध बारा ग्रॅम. एका एकरात दोनशे ग्रॅम आणि बारा ग्रॅम! टोपणानं अंदाजे माप घेण्याची सवय आहे तिथं या दोन औषधांना एकच टोपण लावलं, तर एक वाया जातं किंवा दुसरं कमी पडतं.

काम करण्याची रीतही वेगळी. प्रोफेनोफॉस किड्याच्या नसांवर घाला घालतं. नसेतून स्नायूला निरोप गेल्यावर तो पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं, प्रोफेनोफॉस त्यालाच बांधून टाकतं. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू फडफडत राहतो आणि किडा मरतो. अडचण अशी की माणसाच्या नसांतही अगदी तेच द्रव्य आहे. म्हणून फवारणाऱ्याला घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होऊन अंधारी येते, उलट्या होतात, दंड-मांड्या फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो.

क्लोरँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूतलं कॅल्शियम बाहेर सोडून देतं, तिचा जबडाच चालेनासा होतो. माणसाच्या आणि जनावराच्या स्नायूवर त्याची पकड फारच कमी आहे. म्हणून त्याच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण आणि प्रोफेनोफॉसवर पिवळा. आपल्या देशात तांबडा त्रिकोण सगळ्यांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पिवळा म्हणजे मध्यम असं अनेकांना वाटतं. तसं नाही, पिवळा म्हणजे 'अति विषारी'. वाहतुकीच्या दिव्याचा हिशेब इथं लावू नये. युरोपीय संघात प्रोफेनोफॉसला शेतीसाठी परवानगी नाही, क्लोरँट्रानिलिप्रोलला आहे.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की बाटलीतलं ब्रोमीन सुटं नसतं, ते कार्बनला घट्ट बांधलेलं असतं. जीव घेणारा भाग प्रोफेनोफॉसमध्ये फॉस्फरसच्या बाजूला आहे. ब्रोमीन आहे की नाही यापेक्षा ते कुणाच्या सोबत बसलंय हे महत्त्वाचं. आणि ते सांगतं फक्त बारीक अक्षरातलं नाव.

हिरव्या त्रिकोणाचं औषध निर्धोक आहे असंही नाही. नाल्यात, तलावात गेलं तर पाण्यातल्या बारीक जिवांना ते घातक, रेशीमकिड्यांनाही घातक. तुतीच्या बागेशेजारी ते मारताना दहा वेळा विचार करावा. दुसरी भानगड अशी, की अळी काही तासांत खाणं थांबवते पण मरायला दोन-चार दिवस घेते. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन जिवंत अळी दिसली की 'औषध चाललं नाही' म्हणून पुन्हा फवारणी होते, आणि या वेळी जास्त जहाल काहीतरी. तो खर्च निव्वळ उगाचचा. एकाच गटाचं औषध हंगामभर मारत राहिलं की अळी त्याला सरावते, तो प्रश्न वेगळाच.

पैशाचं गणितही बारीक नावातच आहे. क्लोरँट्रानिलिप्रोलचं मूळ पेटंट ऑगस्ट २०२२ मध्ये संपलं. तोवर ते मोजक्या नावांनीच मिळायचं, नंतर अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध आपापल्या नावानं आणलं आणि भावात चढाओढ लागली. ज्याला फक्त मोठ्या अक्षरातलं नाव माहीत, तो आजही जुन्याच नावाचा भाव मोजतो. ज्याला 'क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी' एवढं वाचता येतं, तो चार बाटल्या ताडून पाहू शकतो. अर्थात स्वस्त म्हणून बनावटही गळ्यात पडतं. त्यासाठी बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लिहिलेलं पक्कं बिल घ्यावं, कारण तक्रार करायची झाली तर हातात तेवढाच पुरावा असतो. जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून बदल झाले तेव्हा ठरावीक बारा जैविक कीडनाशकांचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. रासायनिक औषधं मात्र १८ टक्क्यांवरच आहेत, मग त्रिकोण पिवळा असो की हिरवा. माणसाला कमी घातक औषधाला करात काही सूट द्यावी, असा विचार यात कुठं दिसत नाही.

२०१७ चा धडा कुठवर पोचला?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. विदर्भभर शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, काहींची नजर काही दिवस गेली होती. त्यानंतर सरकारनं साठ दिवसांसाठी पाच औषधांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. यवतमाळ, अकोला, अमरावतीसोबत बुलडाणा आणि वाशिम जिल्हेही त्या आदेशात होते. पाचांतलं एक होतं प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के हे मिश्रण.

साठ दिवसांची बंदी साठ दिवसांनी संपली. पाचांपैकी मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के पुढं २०२३ मध्ये केंद्रानं कायमचं बंद करायचं ठरवलं. प्रोफेनोफॉस दुकानात आहे. बंदी हाच उपाय असंही नाही, कारण चक्रीभुंग्यावर आणि रसशोषक किडींवर ते चालतं आणि स्वस्तात चालतं, हे कास्तकाराचं म्हणणं खोटं नाही. पण २०१७ मध्ये नेमकं काय घडलं याची चर्चा 'मजुरांनी मास्क लावला नाही' इथंच थांबते, तेव्हा ती अर्धवट राहते.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. हवा दमट होती. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती. आणि पंप बदलले होते, ही गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. दहा लिटरला २० मिली ही शिफारस पाठीवरच्या साध्या हातपंपाची. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याच्या टाकीत औषधाची मात्रा तिप्पट घेतात. एकरी औषध तेवढंच जातं, शेताच्या दृष्टीनं काही बिघडत नाही. पण जो तुषार उडतो तो तिप्पट तीव्र असतो आणि हातपंपापेक्षा जास्त बारीक. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून माणूस हा फवारा मारतो तेव्हा तो सरळ तोंडावर, छातीवर येतो. टाकीचं झाकण पाझरत असलं तर पाठ भिजते ती वेगळी. प्रोफेनोफॉसचं ईसी हे तेलकट द्रावण आहे, भिजलेल्या सदऱ्यातून ते कातडीत मुरतं. नाकाला रुमाल बांधला तरी पाठीतून विष आत जातच राहतं.

म्हणून कातडी झाकणं, झाकणाचा वायसर बदलणं, वारा पाठीमागून ठेवणं, नोझल तोंडानं न फुंकणं, भिजलेला कपडा तिथल्या तिथं काढून साबणानं अंग धुणं या गोष्टी मास्कइतक्याच मोलाच्या. त्यासाठी शेतात पाण्याची एक घागर आणि साबणाची वडी लागते. चार-पाचशे रुपये रोज देणाऱ्यानं एवढं ठेवावं ही मोठी मागणी नाही.

दवाखान्यात बाटली न्या

विषबाधा झालीच तर १०८ ला फोन, कपडे काढून अंग धुणं आणि सोबत बाटली किंवा तिचा लेबलासकट फोटो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये, तेलकट द्रावण फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो.

बाटली का न्यायची? 'फवारणीचं औषध लागलं' एवढ्यावर डॉक्टरला नेमकं काही कळत नाही. प्रोफेनोफॉसवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. ब्रोमॅडिओलोन पोटात गेलं तर ॲट्रोपिनचा काही उपयोग नाही. ते रक्त गोठू देत नाही आणि त्यावर उतारा आहे व्हिटॅमिन के-१. शिवाय ब्रोमॅडिओलोनची लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागतं. लेकरानं उंदराच्या औषधाची वडी चघळली आणि संध्याकाळपर्यंत ते खेळतंय, म्हणून घरी बसून राहणं हीच तिथली मोठी चूक. दोन्ही औषधं ब्रोमीनची, दोन्हींचे उतारे वेगळे. क्लोरँट्रानिलिप्रोलवर खास उतारा असा नाही, लक्षणं पाहून उपचार करतात. त्या वेळी डॉक्टरला बारीक नाव लागतं आणि बाटली तर बांधावर फेकलेली असते.

भंगाराचंही थोडं सांगायला हवं. टीव्ही, संगणक, जुने फोन यांच्या आतल्या हिरव्या पाटीत आग लागू नये म्हणून ब्रोमीनची रसायनं घातलेली असतात. त्यातली काही इतकी चिवट निघाली की जगानं करार करून ती बंद केली, भारतानंही ऑक्टोबर २०२० मध्ये अशा काही रसायनांवरच्या बंदीला मान्यता दिली. पण जुन्या वस्तू अजून घरात आहेत. तांब्यासाठी असल्या पाट्या नि वायरी उकिरड्यावर जाळल्या की निघणारा धूर अतिशय घातक असतो. विकायच्या तर अख्ख्या विकाव्यात.

पंप ज्याच्या पाठीवर, तो कोणत्या कागदावर?

राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. फवारणीची औषधं हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. लोणार, सिंदखेडराजा, मेहकर या भागात पंप पाठीवर घेणारा माणूस अनेकदा भूमिहीन असतो. दिवसाला वीस-पंचवीस टाक्या तोच मारतो, आज या शेतात, उद्या त्या. सलग आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं प्रोफेनोफॉस त्याच्या अंगात जातं. मालक वर्षातून तीन-चार वेळा औषधाजवळ जातो, मजूर हंगामभर. धोका मजुराला आणि विम्याचा कागद मालकाच्या नावावर, अशी ही उलटी मांडणी आहे.

कीटकनाशकांचा कारभार १९६८ च्या कायद्यावर उभा आहे. त्याची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये राज्यसभेत नवं विधेयक मांडलं गेलं, ते संसदेच्या स्थायी समितीकडं गेलं आणि समितीचा अहवालही आला. चर्चा चालते ती परवाने, दंड आणि बनावट औषधांची. भूमिहीन फवारणी मजुराची कुठं नोंद ठेवायची, हंगामाआधी त्याच्या रक्ताची तपासणी कुणी करायची, याची तजवीज ग्रामपंचायतीच्या पातळीवरही करता येण्याजोगी आहे. प्रोफेनोफॉससारख्या औषधाचा अंगात किती परिणाम झालाय हे सांगणारी कोलिनेस्टरेज नावाची रक्ताची तपासणी असते. हंगामाच्या आधी एकदा आणि मधे एकदा ती केली, तर आकडा घसरलेल्या माणसाला लक्षणं दिसायच्या आधीच दोन-तीन आठवडे फवारणीपासून दूर ठेवता येतं. बीबी आणि आसपासच्या गावांतल्या मजुरांसाठी ही तपासणी कोणत्या दवाखान्यात होईल आणि तिचा खर्च कोण उचलेल, हे जिल्हा आरोग्य विभागानं आणि कृषी विभागानं मिळून पुढच्या हंगामाआधी जाहीर करायला हवं.